पोटखराब

मोजणीला आले तेव्हा सातबाऱ्यावर एवढंच होतं:
गट नंबर दोनशे अकरा,
चार हेक्टर साठ आर,
लागवडीस अयोग्य, पोटखराब.
पिकाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

धारूरच्या घाटाअलीकडं गाडी थांबवून
मी यंत्राची तिपाई उघडली,
भिंगाला डोळा लावला, तर
आधी धावडा, मग सालई, मग परत धावडा.
रेषा सरळ कुठं जाईचना.

देवशाला केकाण कमरेवर हात ठेवून उभ्या.
"झाडं मोजायचीत का जमीन?"
जमीन, म्हटलं.
"मंग झाडायला बाजूला सरा म्हणा,"
आणि स्वतःच हसल्या, तोंडाला पदर लावून.

पलीकडची टेकडी आता अर्धीच आहे.
बाकीची खडी होऊन
हायवेखाली गेली.
क्रशरवाला इथंही आलेला, दोनदा.
दुसऱ्यांदा आकडा बोललाच नाही,
कोरा चेक बाजेवर ठेवला,
वर पाण्याचा तांब्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
बाईंनी तांब्या उचलला,
पाणी प्याल्या.
चेक उडाला तो थेट शेळीपुढं.
(शेळीनं खाल्ला, असं गाव सांगतं.
बाई म्हणतात, नुसता हुंगला.)

बक्षीसपत्र तालुक्याला झालं.
घेणार ग्रामपंचायत.
देणाराची सही,
एकेक अक्षर काट्यातून बोर काढावं तसं.
कारकून म्हणाला, मोबदल्याच्या जागी
'प्रेमापोटी' लिहायची रीत आहे.
"पोटाचं काही नको," बाई म्हणाल्या.
"लिही, चालायला."

अटी दोन.
कुणाला अडवायचं नाही.
आणि माझ्या नावाची पाटी लावाल
तर मी येऊन उपटीन.

मग वाटेचा प्रश्न निघाला.
सरपंचांच्या नकाशात पेव्हर ब्लॉक होते,
रेलिंग, सेल्फी पॉइंट, एक सिमेंटचं हरीण.
मी सरकारी माणूस, गप्प बसले.
शेळ्या राखणारा मोबीन बसला नाही.
"म्याडम, वाट हाय की."

होतीच.
खुरांनी घासलेली, वीतभर रुंद,
चढाला कधी समोरून न भिडणारी,
आपट्याला वळसा घालून
टेंभुर्णीखाली जरा पसरट,
कारण दुपारचं सगळं तिथंच बसतं.
आणि एका ठिकाणी ती उगाच वळते.
झाड नाही, दगड नाही, खड्डा नाही.
मोबीनला माहीत नाही,
त्याच्या बापालाही नाही.

बाईंना विचारलं.
बराच वेळ त्या हरळीच्या काडीनं
नुसत्या दात कोरत राहिल्या.
"तिथं बोराटी होती. बहात्तरला वाळली."
मग, वेळानं,
"शेळ्यायला कुणी सांगितलंच न्हाई."

आम्ही ते वळण तसंच ठेवलं.
दर पन्नास पावलांवर दगडाला चुन्याचा ठिपका,
वळणावर दोन.

आता पहाटे भरतीची पोरं पळतात,
धापांमध्येच शंभर-दोनशे मोजत.
मागून अंबाजोगाईचे एक डॉक्टर,
साखर वाढलेली, हातात काठी.
चारच्या सुमाराला नव्यानं नांदायला आलेल्या दोघी,
घरात बोलता येत नाही ते
सालईच्या आडोशाला बोलून टाकायला.
सीताफळं पिकली की पोरं निम्मी वाटेत खातात,
बिया वाटेतच थुंकतात.
थुंकोत. तेही एक लावणंच.

नोंद अजून पोटखराबच आहे.
मी अर्ज केलेला, दोन वर्षं झाली.
फेरफाराला असा रकानाच नाही, असं उत्तर आलं.

बाईंचे गुडघे गेले. चढ होत नाही.
पायथ्याच्या दगडावर बसतात, मी गेले की विचारतात,
आज किती जण गेले वर?
सव्वीस, मी सांगते.
"कोल्हा धरून?"

मी परत मोजायला लागते.