अस्तर

कपाटात साड्यांच्या घडीखाली पिशवी,
पिशवीत मऊ पांढरी दुसरी पिशवी,
तिच्यात ती पर्स.
एवढं पांघरूण मस्कतच्या एसीत
मलाही कधी मिळालं नव्हतं.

झुवैनाबीबी गेल्या त्याच्या आधल्या आठवड्यात
बोटानं दाखवून म्हणाल्या, ती तुझी.
सात वर्षं मी त्यांची पाठ पुसली, नखं काढली,
रात्री दोनला पाय दाबले.
त्यांच्या मुलींनीच ती माझ्या बॅगेत भरली,
आणि विमानतळावर तिसऱ्यांदा विचारलं,
नक्की दिली ना?

वडगावात उतरले तर वहिनी म्हणाली,
"असली हजाराला मिळतीय की गे खडेबाजारात."
मिळते, खरंच.
हुबेहूब. नावात तेवढं एक अक्षर जास्त.

आप्पांनी चष्मा लावला.
पन्नास वर्षं मागावर बसलेला माणूस,
बाहेरून बघितलंच नाही त्यांनी.
पालथी केली, अस्तर ओढून बाहेर काढलं
कोंबडी साफ करावी तसं,
आणि टाके मोजले. इंचात अकरा.
दोऱ्याची गाठ शोधली. सापडली नाही.
"ह्यो गडी घाईत नव्हता," म्हणाले,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.
शेजारून पॉवरलूमची खडखड येत होती.
आमची बंद.
मोटर जळून अठरा दिवस झाले.

कॅम्पातल्या दुकानदारानं बिल मागितलं,
डबा मागितला, आतला नंबर मोबाईलवर घासून बघितला.
"पावती नाही, तर कुणाची म्हणायची ही?"
कुणाची, हा प्रश्न या गावात
मी जन्मापासून ऐकतेय,
उताऱ्यावरून, शाळेवरून, दुकानाच्या पाटीवरून.
पर्सवरून पहिल्यांदाच.

मग नागवेणी मड्डीमनी आली, हनुमाननगरातून, स्कूटीवर.
बँकेत असते. भावाचं लग्न आहे हुबळीला.
ती कानडीत विचारते, मी मराठीत सांगते,
दोघींचं कुठंच अडत नाही.
"एष्टु?"
साठ धरले होते मनात.
मोटर, सुताची उधारी, आप्पांचा डोळा:
साठात बसत होतं सगळं, दाटीवाटीनं.
मी म्हटलं, पंच्याऐंशी.
नको म्हणावं तिनं, म्हणून.

ती काही बोलली नाही.
पर्स मांडीवर घेऊन बसली, मूल घेतात तशी,
आणि हात आत घातला, पार कोपरापर्यंत,
मी कधीच घातला नव्हता तसा.
आतल्या चोरखणातून तिनं कागदाची पुडी काढली
आणि न उघडता माझ्यापुढं धरली.

तीन बिया. खजुराच्या.

साखर वाढते म्हणून खजूर मीच बंद केले होते त्यांचे.
डब्याला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.
कुठून आणायच्या, कोण द्यायचं,
चघळून बिया कुठं लपवायच्या
मी औषध मोजत असताना!
हसू आलं मला. नागवेणीला वाटलं, भावावर हसले.

"आय्तु अक्का," ती म्हणाली. "शुक्रवार बर्ली?"
पंच्याऐंशीला.
घासाघीस नाही, काही नाही.
मी मान हलवली. होय म्हणून की नुसतीच,
माझं मलाच नीट कळलं नाही.

आज बुधवार.
पुडी परत चोरखणात ठेवलीय.
दिलीच, तर काढून घ्यायला विसरायला नको.
आणि पुडी काढल्यावर त्या पर्समध्ये
माझं असं काय उरतं, तेही एकदा बघायला हवं.

पहाटे जाग आली तर मागाच्या खोलीत दिवा.
आप्पा बंद मागाला टेकून बसलेले,
पर्स उलटी मांडीवर,
अंगठ्याचं नख टाक्याटाक्यावरून सरकतंय.
मला बघून दचकले नाहीत.
"मागच्या खेपेला एक चुकला गे," म्हणाले.
"बारा हाईत."