…कडील

रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग कागद.
बारा वर्षं मी पुण्यात हेच करते :
मोडी वाचायची, बाळबोधीत उतरवायची,
पानामागे ठरलेले पैसे.

हा कागद हडपसरच्या लढाईनंतरचा.
सन अठराशे दोन, आश्विन वद्य,
घरोघरी उटणं भिजवायचे दिवस.
दोन्ही फौजा आपल्याच.
हर हर महादेव इकडूनही, तिकडूनही,
मधल्या शेतात ज्वारी.

कारकून अंताजी गिरमाजी. अक्षर घाईचं,
पण घोड्यांपाशी आला की सावकाश होतो :
अबलख, एक. डावा कान फाटका. सव्वादोनशे रुपये.
कुमाईत, पंचकल्याणी. गोळा पोटात. तीनशे.
निळा, एक. उठतो, पण उभा राहत नाही.
किंमत मागाहून.

मग माणसं.
माणसांना रंग नाही, खूण नाही.
असामी नऊ. असामी चौदा.
आणि पुढच्या ओळीला कसर लागलेली.
एकच अक्षर खाल्लंय तिनं, ओळीच्या तोंडाचं.
उरलंय ते :
कडील ठार, एकशे एकेचाळीस.

इकडील की तिकडील?

शत्रू हा शब्द अंताजीनं
आठ पानांत एकदाही लिहिलेला नाही.
लिहिणार कसा? तिकडच्या पागेत
त्याचा मावसभाऊ असेल,
किंवा गेल्या साली तो स्वतःच
तिकडे हिशेब लिहीत असेल.

भिंग लावलं. कागद उजेडाला धरला.
भोकातून खिडकी दिसली,
खिडकीत आमचे दाभोळे, डबा विसळताना.

नाव फक्त एकाचं आहे,
कारण त्याच्याकडे बाकी निघते.
सुभानजी बिन रायाजी गव्हाणे, दरमहा रुपये पंधरा.
नालबंदी आगाऊ उचलली महिने तीन.
चाकरी केली महिना एक, दिवस बावीस.
पुढे ठार.
सबब येणे, रुपये एकोणीस.
घरी बायको, मूल एक.
मुलगा की मुलगी ते नाही.
समासात वेगळ्या शाईनं, बारीक :
वसूल कोणापासून करावे?

उत्तर पुढच्या पानावर असेल म्हणून पान उलटलं.
मग अख्खा रुमाल उलटला.

संध्याकाळी सोलापूर रस्ता नेहमीसारखा तुंबलेला.
गाडीतळाला उतरते मी.
या नावाचा जखमींच्या गाड्यांशी
काही संबंध नाही, मला माहीत आहे.
तरी हल्ली पायरी उतरताना
खाली कोणी आडवं नाही ना, बघते.

सोसायटीचा पाया खणताना काय निघालं,
विचारलं होतं एकदा वॉचमनला.
मुरूम, म्हणाला. आणि एक नाल.
नाल त्यानं केबिनच्या दाराला ठोकलाय, नजरेसाठी.
कुठल्या तरी टांग्याचा असेल.
शंभर वर्षांचाही नसेल.
लिफ्टची वाट बघताना
मी त्याची भोकं मोजते. सात.
दोनात अजून खिळे.

सकाळी संपादकांचा फोन :
बाई, संदर्भावरून ठरवा ना.
एक काहीतरी घाला, बेरीज जुळली म्हणजे झालं.

इकडील घातलं. जुळली.
खोडून तिकडील घातलं.
तीही जुळली.

शेवटी तीन टिंबं दिली,
मग कडील, मग आकडा.
समासातला मजकूर तळटीपेत टाकायचा,
असा आमच्याकडे नियम आहे.
वसूल कोणापासून करावे
हे मी वर घेतलं,
ओळीत,
सुभानजीच्या नावाला लागून.