गुरुवारचा सौदा

गुरुवारी सांगली पीत नाही.
निदान पितो असं सांगत नाही.
वाडीला जायचा वार,
कुणाच्या बायकोला शब्द दिलेला वार.
म्हणून कलगोंडा मगदूमनं
पद्मराज परमिट रूममध्ये
गुरुवारीच कवितेला जागा दिली.
नाहीतरी पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरतातच, म्हणाला,
माईकला असं किती बिल येणाराय.

तीन मिनिटं. आधी नाव, मग गाव, मग कविता.
शिवी चालते, कागदावर लिहून आणलेली.
पाठीमागं डीप फ्रीजर घुमत असतो,
त्याच्याशी सूर लागला तर लागला.

गुण मी लिहितो.
दिवसा मार्केट यार्डात तोलाईदार.
हळदीची पोती काट्यावर चढवून आलेला अंगठा
कागदावर टेकला की
कुणाच्याही कवितेच्या कडेला पिवळा ठसा.
कवितेला वजन पाहिजे, असं इथं सगळेच म्हणतात.
मी गप्प बसतो.
वजन धरायचं तर आधी बारदान वजा करावं लागतं,
आणि मग पुष्कळदा
काटा हलतच नाही.

शर्वाणी आवटी एका दमात म्हणते,
श्वास घेतला तर वडिलांचा फोन येईल अशी.
एस्तेर सातपुते, मिरजेच्या दवाखान्यातली,
नाईट ड्यूटीआधी लिंबूसोडा पिता पिता
पेशंटच्या पाठींवर लिहिते;
तोंडं मला आठवत नाहीत, म्हणते.
मोहसीन शिकलगार सतारी करतो.
दर गुरुवारी कागद काढतो,
टिचकी मारतो भोपळ्याला मारावी तशी,
"अजून वाळली नाही," म्हणतो
आणि घडी घालून परत खिशात.

परीक्षक एकच, हिंगमिरे अडते.
टेबल पुसायचं फडकं माझ्या हातावर टाकतात,
खालून बोटं धरतात जुन्या सौद्यासारखी.
तीन बोटं. दोन. कधी नुसतं अर्धं पेर.
"भाव चारचौघांत फोडू ने," म्हणतात,
"मालाला लागतं."

गेल्या गुरुवारी पावणेदहालाच नावं संपली.
ईरण्णानं ट्रे फ्रीजरवर ठेवला,
माईकला पाण्याच्या बाटलीगत मानेत धरलं.
"ईरण्णा. जत. आता बाकी."

पुराच्या साली उधारीची वही
गल्ल्याच्या खणात राहिली होती.
पाणी उतरल्यावर उघडली,
तर निळा लगदा.
तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात.

"कुपवाडचा फिटर बंडू, एकशे ऐंशी, आम्लेट धरून.
बेदाण्याचा इलाही, नऊशे. सौदा झाला की देतो म्हणला.
सौदे झाले.
पोलीस, नाव न्हाई, दोन हजार चाळीस.
गद्रे सर, साठ. पेन ठिवून गेले. सर वारले.
पेन चालतंय.
हुबळी पासिंगचा ट्रक, पंचवीस.
त्याचे नकोत.
नवरा-बायको, कोपऱ्यातलं टेबल, एक थम्सअप दोघांत,
सुट्टे न्हवते. तीस.
पुन्हा आली ती एकटी, तिला मागितले न्हाईत.
तोलाईदार, तीनशे दहा."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
मी वहीत मान घातली.
कलगोंडाचा हात कॅल्क्युलेटरकडं गेला होता,
तो तिथंच राहिला.
तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती
आणि ईरण्णा अजून कवठे महांकाळ रोडवर होता,
एकेक ढाबा, एकेक गडी, एकेक क्वार्टर.

मग थांबला. संपली म्हणून नव्हे,
पाच नंबरला कुणीतरी ग्लास वाजवला म्हणून.

हिंगमिऱ्यांनी फडकं टाकलं
आणि माझा अख्खा पंजा दाबला.
पंजा म्हणजे पाच.
पंजा म्हणजे पन्नास, पंजा म्हणजे पाचशे.
कुठला, ते तोंडानं सांगायचं असतं.
ते काही बोलेनात.
हातही सोडेनात.

मी रकान्यात पेन टेकवून बसलो.
तेवढ्यात ईरण्णा येऊन उभा:
"फडकं सोडा की मालक,
पाच नंबरला सांडलंय."