सुतावरून

डावं मागचं. दर वेळी डावं मागचंच.
टेकडी उतरताना गाडी सगळा भार त्याच्यावर टाकते,
घरातल्या थोरल्या लेकीवर टाकावा तसा.

शुक्रवारी दुपारी फेर्लिंडेनचं फाटलं.
स्फोट वगैरे नाही,
ओली चादर कुणी टर्रकन फाडावी, तसा आवाज.
झाडांवरचे कावळे उठले,
कुंपणापाशी फ्लोरिमोंचा धाकटा
पिवळा झेंडा उलटाच धरून उभा.
फेर्लिंडेन चालत आला, हेल्मेट काखेत,
एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मोजत.

आमचा ट्रक पॅडॉकच्या मागे, बीचच्या झाडांखाली.
एकोणीस वर्षं मी रबर वाचतो,
डोळ्यांनी नाही, अंगठ्याने.
आतल्या खांद्यावरून फिरवता फिरवता
अंगठा एका जागी थांबला.
तापत्या दुधावर साय फुगते, तेवढाच फुगवटा.
आमच्या कंपनीचे सहा टायर काढले, सहाही डावे.
सहाही तसेच.
कागदावर लिहिलं : बावीस फेऱ्या. तेविसावी नको.

रात्री साडेनऊ. दुसरा मजला, काचेची खोली.
तीन पंच, दोन वकील, गार कॉफी.
नियम बारा, पोटकलम चार :
'सुरुवातीचा दाब एक पूर्णांक नऊपेक्षा कमी नसावा.'
सुरुवात म्हणजे केव्हा?
ब्लँकेट काढलं तेव्हा, की दिवे विझले तेव्हा?
हवा गरम मोजायची की गार?
लाल संघाच्या स्तासारबाई
'नसावा' आणि 'नसलाच पाहिजे' यांच्यामध्ये
चाळीस मिनिटं उभ्या राहिल्या.
शब्दाचा कीस पडत राहिला टेबलावर,
आमच्या ट्रकात पडतो त्याहून बारीक.

कुणी म्हणालं, उतारावर एक आडवं वळण घाला, वेग मोडेल.
ज्यांचे टायर दुसऱ्या कंपनीचे, धडधाकट,
ते म्हणाले, आमचा काय गुन्हा?
खरंच, त्यांचा काय गुन्हा.

मग मी. फुगवट्याचा फोटो पुढे सरकवला.
मुख्य पंच दरवाल चष्मा पुसत म्हणाले,
'ओदिलों, तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय.'
साहेब, मला काळजी त्याच गावाची आहे,
असं मी म्हणालो नाही.
जिन्यात आल्यावर सुचलं.

निकाल मध्यरात्री : शिफारस. बंधनकारक नाही.

रविवारी आमच्या टायरांचे तीन संघ बाविसाव्याला आत आले.
लाल आला नाही.
लाल गाडीत इझोर, चोवीस वर्षांची.
शनिवारी ट्रकपाशी येऊन हळूच विचारून गेली होती,
'तुम्ही असता तर?'
'बावीस,' मी म्हणालो होतो.
तेविसावी. चोविसावी.
एकच नट मी पुसत होतो, पुन्हा पुसत होतो.
रेडिओवर तिने विचारलं असेल का?
कुणी 'चालू ठेव' म्हणालं असेल का?
एकतिसाव्याला ती आत आली. चारही चाकं जागेवर.
शेवटी दुसरा नंबर, फेस, फोटो.
जाता जाता स्तासारबाई थांबल्या, मनापासून म्हणाल्या,
'बघा, काहीच झालं नाही.'

सोमवारी टायर परत आले, भुगा करण्यासाठी.
नियम तसाच आहे, त्यावर कुणाचा वाद नाही.
यंत्रात टाकायच्या आधी मी सुरी घातली.
वर रबर. खाली पोलादी पट्टा.
त्याखाली दोऱ्यांची वीण,
आणि त्या जागी विणीत उरलेली
दोन सुतं.

फॉर्मवर दोनच चौकटी : फाटला. फाटला नाही.
'नाही'वर खूण केली. खोटं नव्हतं ते.

दुपारी इझोर आली, साध्या कपड्यांत, केस ओले.
तुकडा तिच्या हातावर ठेवला. बोललो काहीच नाही.
तिचा अंगठा फिरत गेला
आणि बरोबर तिथेच थांबला.
'पुढची शर्यत कधी?' मी विचारलं.
'पंधरा दिवसांनी,' ती म्हणाली.
तुकडा परत दिला नाही.