शेपूट तुटलेला मासा

वुडवर्ड अव्हेन्यूवर आता नवी ट्राम धावते.
आवाजच नाही तिला.
मांजर दूध पिऊन सटकावं
तशी येते, दार उघडते, जाते.
पणतू म्हणतो, चढ ना पणजी, फुकट आहे.
मी म्हणते, थांब जरा,
अजून घंटा कुठे वाजली?

वर्डेल आत्या कंडक्टर होती.
पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून
तिच्या डोक्यावर टोपी आली
आणि छातीवर चार आकडी पितळी बिल्ला.
रोज व्हिनेगरने घासायची.
प्रत्येक कंडक्टरचं तिकिटातलं भोक निराळं,
कुणाचा बाण, कुणाची चांदणी.
तिच्या वाट्याला मासा आला,
शेपूट तुटलेला.
रात्री ती खिसे उलटे करी
आणि जमिनीवर शेकडो मासे पडत,
गुलाबी, हिरवे, मळकट पिवळे.
एकदा मी ते पाण्याच्या वाडग्यात सोडले.
थोडा वेळ पोहले. मग लगदा झाला.

हेस्टिंग्ज स्ट्रीटवर राहायचो तेव्हा.
खाली न्हाव्याचं दुकान, वर आम्ही.
त्या पत्त्यावरून आता हायवे जातो.
मी हिशेब केलाय,
आमचं स्वयंपाकघर साधारण तिसऱ्या लेनमध्ये येतं.

युद्ध संपलं, पुरुष परतले.
टोपी परत घेतली, बिल्ला परत घेतला.
पंच हरवला म्हणाली आत्या,
त्याचा दीड डॉलर पगारातून कापला गेला.
मग हडसन्सच्या दुकानात लिफ्टवर लागली.
पांढरे हातमोजे.
आडवं जाणारं आयुष्य उभं झालं.
"बारावा मजला, खेळणी,"
हे ती अशा सुरात म्हणायची
की मोठी माणसंही उतरत.
मी आत असले की दार
दहा सेकंद जास्त उघडं राहायचं.
तेवढंच तिच्या हातात होतं.

छप्पनच्या एप्रिलमध्ये शेवटची ट्राम निघाली.
लोकांनी आठवण म्हणून दिवे काढले,
पट्टे ओढून घेतले, एकाने म्हणे सीटच कापली.
आत्या घरी बटाटे सोलत बसली.
म्हणाली, मयताला जावं माणसानं,
मयताचे दागिने उतरवायला नाही.
आणि पुढे दीड महिना
बसकडे ढुंकूनही न बघता
चालत कामावर गेली.

गाड्या मेक्सिको सिटीनं विकत घेतल्या होत्या.
हे तिनं मनात कुठे ठेवलं होतं कोण जाणे.
एकाहत्तर साली, पाय सुजत असताना,
निघाली बसने तिकडे.
त्याआधी वर्षभर शेजारच्या ऑब्दुलियाबाईंकडून
त्यांची भाषा घोकली.
डावीकडे, उजवीकडे, किती झाले,
आणि मासा.
माशाला म्हणे दोन शब्द त्यांच्यात,
पाण्यात असेपर्यंत एक,
बाहेर काढला की दुसरा.

परत आली तेव्हा विचारलं, सापडली?
एक सापडली, म्हणाली. रंग भलताच.
खिडकीखाली नखानं खरवडलं
तर आतून आपला सायीचा रंग निघाला.
मग?
मग काय. बसले.
चालवणारा मिसरूड फुटलेला पोरगा.
त्यानं तिकीट दिलं,
मी माझा पंच काढला, भोक पाडलं,
आणि तिकीट त्यालाच परत दिलं.
उजेडात धरून बघत राहिला. मागे हॉर्न वाजत होते.
म्हणाला, मासा.

दोनातला कुठला शब्द म्हणाला गं?
तेच आठवत नाही, म्हणाली आत्या,
आणि सुजलेले पाय गरम पाण्यात सोडले.

हडसन्स अठ्ठ्याण्णवमध्ये सुरुंग लावून पाडलं.
ती तोवर नव्हती. बरं झालं.
मी लांबून पाहिलं. बारावा मजला
कधी खाली आला ते धुळीत कळलंच नाही.

पंच माझ्या पर्समध्ये असतो.
नव्या ट्रामला तिकीटच नाही.
मी औषधांच्या पावतीला भोक पाडते.
एवढासा मासा फुटपाथवर पडतो,
पोरगा वाकून उचलतो,
पणजी, ह्याची शेपटी?

गाडी येते. पुन्हा घंटा नाही.
चढ, म्हणते मी, सांगते.