छप्पन्न

हडर्सफील्डच्या चढावरचं दुकान. मिस्टर हॅलम
भुवयांच्या वर बोटभर फीत धरतात,
रेवाच्या डोक्याभोवती फिरवून आणतात.
"छप्पन्न."

लाल वहीत नर्सनं लिहिलं होतं चौतीस.
टाळू भरायची होती अजून.
तेलाच्या बोटाखाली धडधडायची,
मी दचकून बोट उचलायचे.

पहिलं हेल्मेट सैल. दुसरं कपाळाला चावतं.
तिसऱ्यात गाल दाबून वर आले,
तोंडाचा पार चंबू.
"असंच हवं. महिन्याभरात जरा सैलावतं.
मान हलव. गालांची कातडी सरकली त्याच्याबरोबर?
मग बरोबर."

तिला हवं होतं कवटीचं चित्र असलेलं,
तिप्पट किमतीचं.
मी चष्मा वर सरकवून
मागचं लेबल वाचत बसले.

"आणि एकदा आपटलं ना, की नवंच घ्यायचं.
आत काय मोडलं
ते वरून दिसत नाही."

एकशे चाळीस पौंड. साधं, पांढरं.
दहा मिनिटं घालून बघ म्हणाले, म्हणून ती
दुकानभर फिरतेय, आतून काहीतरी बोलतेय,
मला ऐकू येत नाही.

जवळून गेली तेव्हा
टाळूच्या जागी बोट टेकवलं.

टणक.
तरी उचललंच.