मुठीखालची खूण

लोंढ्याच्या रेल्वे गार्डाची होती म्हणे.
त्याचा नातू घेऊन आला खानापुरात, माझ्या दुकानात,
सायकलच्या ट्यूबा आणि नायलॉनची दोरी
एकाच खिळ्याला टांगलेली असतात तिथं.
म्हणाला, विकायची नाही.
फक्त सांगा, केली कुणी.

गळाची काठी. तीन तुकडे.
बांबूच्या सहा कांबी एकमेकींना अशा चिकटलेल्या
की सांधा शोधायला नख लागतं, डोळा पुरत नाही.
चाळीस वर्षं गळ विकतोय मी.
ती हातात धरली आणि माझ्याच दुकानाकडं
जरा परक्यासारखं बघितलं.

नाव नव्हतं. मुठीखाली बोटभर अंतरावर
एक डाग दिलेला:
गोल, आणि गोलावर छोटा तुरा.

मी म्हटलं, ठ.
ठोंबरे असेल, नाहीतर ठाकूर.
शेजारच्या किराणावाल्या मल्लेशप्पानं चष्मा कपाळावर नेला,
म्हणाला, ठ कुठला? आमचा र हाय ह्यो.
रुद्राप्पा. रायप्पा. बघ तूच.
तांदळाएवढ्या खुणेवर तासभर भांडलो,
इकडं भांडतात तसं,
म्हणजे मध्ये दोनदा चहा पिऊन.

मग काठीलाच विचारत निघालो.
सांध्याची पितळ कॅम्पातल्या दळवी आर्मररनं
उन्हाकडं धरली:
रिकामं काडतूस कापून घासलंय,
आतल्या कडेला बघा, त्रेचाळीस साल.
मूठ म्हणजे गोव्याच्या बाटल्यांची बुचं,
चकत्या करून ओवलेली,
एकीवर अजून अर्धं पोर्तुगीज अक्षर.
कड्यांवरचा रेशमी दोरा शहापूरला दाखवला.
भुजंग बुचडी मागावरून उठलेच नाहीत.
डाळिंबी आमचाच, म्हणाले,
पण गाठ आमची नव्हे.
विणकर असं संपवत नाही.
हा सूप वळणारा हात आहे.

सूप.
हे मला का सुचलं नाही?

नंदगडला मेदारांच्या आळीत
उंबऱ्यावर बाळव्वा, नव्वदीच्या पुढची,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
पेरं मोजली तिनं. अंगठा उलटा फिरवला.
शेंडा जिभेला लावला.
"कशाला हुडकूलास?"
मग मुठीशी आली आणि थांबली.
"गार्डसायेब. उजवा आंगठा न्हवता त्येला.
म्हनून हितं फुगीर ठेवलंय, धराय."

नातू काही बोलला नाही.
नंतर बसमध्ये म्हणाला,
घरातल्या सगळ्या फोटोत
आजोबांचा उजवा हात खिशात आहे.

बाळव्वानं चंची सोडली.
सुपारी, चुन्याची डबी, आणि तळाशी
चांदीचं एक जोडवं, झिजून तारेएवढं,
वर तुरा.
चाचपून तिनं ते खुणेवर टेकवलं.
बसलं.
"चिमट्यात धरून तापवायची.
सासरा बाजारात न्हेऊन इकायचा,
म्या केली म्हनायचा.
ही कुठं काय बोलायची?
डाग द्यायची आनि गप."

ठ नव्हता. र नव्हता.
अक्षर शिकलीच नव्हती ती, कुठल्याच बाजूचं.

नाव काय तिचं?
बाळव्वानं पानाच्या शिरा काढल्या, एक एक,
बोटाचा चुना पानालाच पुसला.
"आत्ती."
तसं नव्हे, नाव.
"सासूचं नाव घेतात व्हय?"
आणि तोंडात पान.

परत येताना मलप्रभेच्या पुलावर बस थांबली होती,
खाली पाणी गुडघाभर, कुणी म्हशी धूत होतं.
काठी आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी,
कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही.

दुकानात येऊन वहीत लिहिलं:
एक कडी नव्यानं बांधली, सत्तर रुपये.
करणाऱ्याचं नाव, ह्याच्या पुढं
पेनानं गोल काढला, वर तुरा.

मल्लेशप्पा उधारी लिहायला वही मागतो कधीमधी.
ते पान आलं की बोट ठेवून
अजून म्हणतो, र.